परोपजीवी माश्या: फोटोवरून ओळख कशी पटवायची

माशीचा फोटो दाखवून ‘ही कोणती?’ असं विचारलं, की जाणकार माणूस आधी उलटा प्रश्न करतो: कुठे बसली होती, कशातून निघाली? फुलपाखराच्या फोटोला हा प्रश्न सहसा पडत नाही. पंखांची नक्षी दिसली की काम भागतं. परोपजीवी माश्यांमध्ये मात्र करड्या अंगाच्या, काळ्या राठ केसांच्या, सेंटिमीटरभर लांबीच्या ढीगभर जाती एकमेकींसारख्या दिसतात. त्यांच्यातला खरा फरक पुष्कळदा नराच्या जननेंद्रियांत असतो आणि तो साध्या फोटोत येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोला जातीचं नाव मिळेल अशी आशा आधीच सोडून द्या. कुळ खात्रीने सांगता येणं, जमलं तर जीनसपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, जाणं आणि पुरावा संपला की थांबणं, एवढं नवशिक्याला पुरेसं आहे. तेवढं जमणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

‘परोपजीवी माश्या’ म्हणताना दोन अगदी वेगळे गट आपण एका नावाखाली आणतो. पहिल्या गटातली माशी स्वतः फुलांवर रस पीत हिंडते, पण तिची अळी दुसऱ्या कीटकाच्या शरीरात वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेते. टॅकिनिड हे त्यातलं सर्वांत मोठं कुळ; जगभरात त्याच्या सुमारे ८,५०० जाती नोंदल्या गेल्या आहेत. शेतीच्या पुस्तकांत मित्रकीटकांच्या यादीत जी टॅकिनिड माशी असते, ती हीच. दुसऱ्या गटातल्या माश्या जनावरांच्या, पक्ष्यांच्या अंगावर राहून रक्त पितात. लोकांना किळस या दुसऱ्या गटाची जास्त, पण फोटोवरून ओळखायला सोपा तोच.

आधी ती माशीच आहे ना?

पंख मोजा. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात. गांधीलमाशी, मधमाशी, कुंभारमाशी यांना चार पंख असतात, पण मागची जोडी पुढच्या जोडीला अडकवलेली असल्यामुळे फोटोत दोनच वाटतात. त्यामुळे नुसते पंख मोजून निर्णय देऊ नका, मिशाही पाहा. आपल्याला इथे ज्या माश्यांशी काम आहे त्यांतल्या बहुतेकींच्या मिशा आखूड, तीन पेरांच्या असतात आणि शेवटच्या पेरावर एक बारीक केस असतो. गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि अनेक पेरांच्या.

इथेच ‘अळीवर पांढरी अंडी आहेत’ या नेहमीच्या फोटोचाही निकाल लावून टाकू. अळीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे, रेशमात गुंडाळलेले पांढरे किंवा पिवळसर कोष चिकटलेले असतील, तर ते अंडी नव्हेत आणि माशीचेही नव्हेत. ते ब्रॅकोनिड गांधीलमाश्यांचे कोष आहेत. टॅकिनिडचं अंडं मिलिमीटरहूनही लहान, गुळगुळीत, खालून चपटं आणि कातडीला घट्ट चिकटलेलं असतं. पुष्कळदा डोक्याच्या मागच्या एक-दोन वळ्यांवर, जिथे अळीचं तोंड पोचत नाही.

फोटो काढताना

एक देखणा फोटो नको, चार बरे फोटो हवेत. वरून काढलेल्या फोटोत वक्षावरचे पट्टे, पोटावरची नक्षी आणि पंख कसे धरलेत ते दिसतं. बाजूने काढलेल्यात पोटाचे केस, पाय आणि पाठीचा मागचा उतार दिसतो. टॅकिनिड ओळखायला हाच फोटो सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच लोक काढत नाहीत. तिसरा समोरून, चेहऱ्याचा: दोन डोळ्यांमधलं अंतर, मिशांची लांबी, मिशीवरचा केस साधा की पिसासारखा. चौथा पंखाचा, मागून उजेड येत असताना, शिरा स्पष्ट दिसतील असा.

माश्या शोधायच्या कुठे? पावसाळा सरता सरता बोर फुलतं, त्यावर सकाळी माश्यांची जत्रा असते. एरंडाच्या पानाच्या देठाशी गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात, तिथे मुंग्यांबरोबर टॅकिनिडही येतात. परसात कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर सोडून दिली तर माळरानावर जायची गरज उरत नाही. आंब्याचा मोहोर आणि मावा पडून चिकट झालेली पानंही बघावीत. थंडीतली सकाळ उत्तम. ऊन अंगात मुरेपर्यंत माशी पानावर सुस्त बसलेली असते. दुपारी तिच्यामागे धावणं व्यर्थ.

फोनला लावायची क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स सुरुवातीला पुरते. कॅमेरा असेल तर छिद्र एफ-८ ते एफ-११ च्या आसपास ठेवा, नाहीतर डोळा स्पष्ट आणि पोट धूसर असा फोटो मिळतो, जो भिंतीवर लावायला छान आणि ओळखायला निरुपयोगी. फ्लॅशसमोर पातळ पांढरा कागद धरा, कारण थेट फ्लॅशमुळे करडी पूड असलेली पाठ चमकून पांढरी होते आणि पट्टे नाहीसे होतात. माशी उडाल्यावर तिच्या जागी पट्टी ठेवून त्याच अंतरावरून एक फोटो घ्या; लांबीचा अंदाज त्यावरून काढता येतो.

दोन गोष्टी मात्र टाळा. फोटो ‘सुधारणारी’ अ‍ॅप्स वापरू नका. ती धूसर भागात स्वतःच्या कल्पनेने केस भरतात, आणि आपण जे मोजायला बसलोय ते केसच असतात. दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवू नका. तो दाबून लहान होतो आणि त्यातली जागेची माहितीही जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कुळ ठरवणं

घरातली माशी, हिरवी-निळी चमकदार माशी, मांसमाशी आणि टॅकिनिड या चौघींत नवशिक्याचा गोंधळ होतो. टॅकिनिडसाठी तीन खुणा एकत्र बघायच्या. पोटावर, विशेषतः मागच्या टोकाकडे, ताठ काळे राठ केस. पंखाच्या मधली लांब शीर टोकाशी पोचण्याआधी एकदम पुढे वळलेली. आणि वक्षाच्या मागच्या टोकाला जो त्रिकोणी भाग असतो, ज्याला स्कुटेलम म्हणतात, त्याच्या खाली आणखी एक फुगीर गोल उंचवटा. हा उंचवटा, म्हणजे सबस्कुटेलम, टॅकिनिडची सर्वांत भरवशाची खूण. तो बाजूच्या फोटोतच दिसतो, म्हणून वर त्या फोटोचा एवढा आग्रह धरला. शिरेची खूण एकटी चालत नाही, कारण मांसमाशीतही शीर अशीच वळते.

मांसमाशी म्हणजे सार्कोफॅजिड. करड्या वक्षावर तीन ठसठशीत काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि उजेडाची दिशा बदलली की त्या चौकोनांतले काळे-पांढरे जागा बदलतात. सबस्कुटेलम फुगीर नसतो. यातल्याही काही जाती नाकतोड्यांवर परोपजीवी असतात, आणि मिल्टोग्रामिनी नावाच्या उपकुळातल्या छोट्या माश्या तर कुंभारमाश्यांसारख्या एकट्या राहणाऱ्या गांधीलमाश्यांचा पाठलाग करत त्यांच्या बिळापर्यंत जातात आणि तिथल्या शिकारीवर आपली अळी सोडतात. शिकार ओढत नेणाऱ्या गांधीलमाशीच्या मागे ठरावीक अंतर राखून उडणारी करडी माशी दिसली, तर फोटोबरोबर ही वागणूकही लिहून ठेवा. चेहऱ्यापेक्षा तीच जास्त सांगते.

फुलांवर एक आणखी माशी फार दिसते: डोळ्यांवर आडवे पट्टे, तोंड पुढे आलेलं. ती स्टोमोऱ्हायना, ऱ्हायनिड कुळातली. डोळ्यांवर पट्टे दिसले की टॅकिनिडचा विचार सोडा. उलट, राठ केस कमी म्हणून टॅकिनिड नाही असंही लगेच ठरवू नका. जिम्नोसोमा ही टॅकिनिडच, पण तिचं पोट गोल, नारिंगी, काळ्या ठिपक्यांचं आणि जवळपास बिनकेसांचं असतं. तिची अळी वनस्पतींचा रस शोषणाऱ्या ढेकण्यांच्या अंगात वाढते.

बाकीची कुळं तुलनेने सरळ आहेत. बॉम्बिलिड माश्या केसाळ, बसताना पंख बाजूला पसरून बसणाऱ्या, बऱ्याचदा पंखांवर तपकिरी-काळी नक्षी. उघड्या मातीच्या पायवाटेवर जमिनीलगत तरंगताना दिसतात. त्यांच्या अळ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या, गांधीलमाश्यांच्या बिळांत, किंवा नाकतोड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांत वाढतात. पंखाची नक्षी आणि शिरा नीट आल्या तर यांच्यात जीनसपर्यंत जाता येतं. कोनोपिड गांधीलमाशीचं सोंग घेतात: बारीक कंबर, मोठं डोकं, लांब सोंड आणि माशीला न शोभणाऱ्या लांब मिशा. मादी उडत्या मधमाशीला पकडून तिच्या अंगात अंडं सोडते. पिपंक्युलिडचं डोकं म्हणजे जवळजवळ दोन डोळेच. तीन-चार मिलिमीटरची ही माशी गवतात तरंगत तुडतुडे शोधते. तिचं जातीचं नाव फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कोनोपिड आणि पिपंक्युलिड यांत रस वाटला, तर एन्रिको ब्रुनेटी यांनी ब्रिटिश भारतातल्या माश्यांवर लिहिलेला १९२३ चा खंड पाहा. ही दोन्ही कुळं त्यात आहेत. नावं आता बरीच बदलली आहेत, पण वर्णनं आजही कामाची आहेत.

अंगावरच्या माश्या

हिप्पोबोसिड माश्या चपट्या, कातडी चिवट, पायांना केसांत अडकणारी नखं, आणि चाल खेकड्याची. चिमटीत धरली तरी मरत नाही, हे अनुभवलेल्यांना वर्णनाची गरज नाही. इथे यजमान, म्हणजे माशी ज्याच्यावर जगते तो प्राणी, ठरला की पर्याय मोजके उरतात. कुत्र्याच्या अंगावर तपकिरी, वक्षावर फिकट पिवळसर डाग असलेली माशी सहसा हिप्पोबोस्का लाँजिपेनिस. गाई-म्हशी आणि घोड्यांवर हिप्पोबोस्का मॅक्युलाटा. पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत कबुतरांनी घरटं केलं असेल आणि घरात चपटी, सरपटत पळणारी, हाकलली तरी पुन्हा कपड्यात शिरणारी माशी दिसली, तर ती स्यूडोलिंकिया कॅनॅरिएन्सिस असण्याची शक्यता दाट. ती माणसालाही चावते. फोटोत वक्षाची वरची बाजू आणि पंख स्पष्ट हवेत, आणि कोणत्या प्राण्यावर सापडली ते न विसरता लिहायचं.

गुहेतल्या वटवाघळावर बिनपंखी, कोळ्यासारखी काहीतरी फिरताना दिसली तर तीही माशीच, निक्टेरिबिड कुळातली. फोटोसाठी वटवाघळांना उठवू नका.

मेंढ्यांची गोष्ट थोडी निराळी. ईस्ट्रस ओव्हिस ही माशी मेंढीच्या नाकपुडीशी उडता उडता जिवंत अळ्या टाकते. प्रौढ माशीचा फोटो मिळणं दुर्मिळ, पण मेंढीने शिंकून टाकलेली, दोन-अडीच सेंटिमीटरची, पाठीवर गडद आडवे पट्टे असलेली अळी धनगरांना चांगली ठाऊक असते. अशी अळी मिळाली तर तिच्या मागच्या टोकाचा अगदी जवळून फोटो घ्या. तिथल्या श्वसनछिद्रांच्या दोन गडद चकत्या ओळखीच्या कामी येतात. ही माशी कधी माणसाच्या डोळ्यातही अळ्या सोडते. तसं झालं असं वाटलं तर फोटो राहू द्या, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

जनावरांच्या ताज्या जखमेतल्या अळ्यांबाबतही तेच. क्रायसोमाया बेझियाना ही माशी जिवंत मांसावरच वाढते, पण तिची बहीण क्रायसोमाया मेगासेफाला कुजक्यावर वाढते आणि दोघी फोटोत सारख्याच हिरव्या-निळ्या. गोठ्यात उडणाऱ्या माशीच्या फोटोवरून बेझियानाचं नाव घेऊ नका. जखमेतली अळी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

अळी पाळून माशी मिळवणं

फुलावरच्या माशीचा अप्रतिम फोटो आणि अळीतून निघालेल्या माशीचा साधारण फोटो यांत निवड करायची झाली, तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. यजमान कळला की शेकडो शक्यता गळून पडतात. तुरीवरच्या घाटे अळीतून निघालेल्या टॅकिनिडसाठी कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थाल्मस हॅली अशी नोंदलेली नावं समोर असतात; उसाच्या खोडकिड्यातून निघाली तर स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स आधी तपासायची. नुसती ‘करडी माशी, कोथिंबिरीवर’ असेल तर तपासायला सुरुवातच कुठून करायची?

पाळणं अवघड नाही. अळी ओळखा, निदान तिचं खाद्यझाड ओळखा आणि तिचा फोटो घ्या. रुंद तोंडाच्या बरणीत तळाशी बोटभर किंचित ओलसर माती, वर मलमलचं फडकं, आत रोज ताजं पान. अळीवर अंडं दिसत नाही म्हणून ती निरोगी आहे असं समजू नका; काही टॅकिनिड पानावर अतिसूक्ष्म अंडी घालतात आणि अळी ती पानासोबत गिळते. अंगावर काळा डाग, खाणं मंदावणं, कोष भलत्याच रंगाचा होणं ही चिन्हं बघा. रुईवरच्या प्लेन टायगर फुलपाखराचा कोष तपकिरी पडून त्यातून पांढरे चिकट दोरे लोंबताना दिसले, तर टॅकिनिडच्या अळ्या त्या दोऱ्यांवरून खाली उतरून गेल्या आहेत. मातीत शोधा. लालसर तपकिरी, दोन्ही टोकांना गोल, कडक कवचाचा प्युपेरियम, म्हणजे माशीचा कोष, सापडेल. त्याचाही फोटो घ्या, मागच्या टोकाचा वेगळा.

माशी बाहेर पडायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. बाहेर आल्या आल्या फोटो काढायची घाई करू नका. ताजी माशी फिकट, मऊ, पंख चुरगळलेले आणि कपाळावर फुगा आलेली असते. याच फुग्याने तिने कवच फोडलेलं असतं. काही तास जाऊ द्या, रंग पक्के होऊ द्या. तारखा लिहा: अळी सापडली ती, अळी मेली ती, माशी निघाली ती.

एक प्रकरण अथपासून इतिपर्यंत: उझी माशी

जालना, बीडकडे तुतीवरचं रेशीम घेणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ही सगळी साखळी एका जागी बघायला मिळते. मोठ्या झालेल्या रेशीम अळीच्या अंगावर मलईच्या रंगाचं बारीक अंडं दिसतं. दोन-तीन दिवसांत ते फुटतं, माशीची अळी कातडी भेदून आत शिरते आणि त्या जागी काळा डाग पडतो. हा डाग शेतकऱ्याला लगेच कळतो. आठवडाभरात आतली अळी पोसून बाहेर पडते. रेशीम अळी कोष विणण्याआधीच मरते किंवा कोष विणला गेला असेल तर त्याला भोक पडतं. असा भोक पडलेला कोष धागा काढायला चालत नाही. माशीची अळी मग जमिनीच्या फटीत, सांदीकोपऱ्यात जाऊन प्युपेरियम होते आणि साधारण दहा-बारा दिवसांनी माशी निघते.

त्या माशीचा वरून फोटो घेतला तर करड्या वक्षावर चार काळे उभे पट्टे दिसतात. मांसमाशीचे तीन, हिचे चार. एवढी एक खूण पाठ असली तरी शेडमध्ये घुसलेल्या दोन माश्यांतली कोणती चिंतेची ते कळतं. बाजूने फुगीर सबस्कुटेलम, पोटावर राठ केस. यजमान तुतीवरची रेशीम अळी, जागा संगोपनगृह. हे सगळं जुळलं की एक्सोरिस्टा बॉम्बिसिस हे जातीचं नाव लिहायला हरकत नाही. दक्षिणेत ही माशी १९८० साली पश्चिम बंगालमधून आलेल्या कोषांबरोबर कर्नाटकात पोचली.

हाच चार पट्ट्यांचा फोटो कोथिंबिरीच्या फुलावरचा असता, तर मी ‘टॅकिनिड, बहुधा एक्सोरिस्टा’ इथेच थांबलो असतो. आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडावरच्या टसर अळीतून माशी निघाली असेल, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. तिथेही लोक तिला उझीच म्हणतात, पण ती ब्लेफॅरिपा झेबिना, वेगळ्या जीनसची.

अ‍ॅप काय सांगतं आणि आपण काय लिहायचं

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर फोटो चढवणं चांगलंच. पण यंत्राने सुचवलेलं पहिलं नाव दाबून मोकळं होऊ नका. ज्या देशांतून फोटो भरपूर येतात तिथल्या जाती ते हौसेने सुचवतं. साताऱ्याच्या माशीला युरोपातली टॅकिना फेरा असं नाव आलं, तर आधी ती भारतात, आपल्या भागात नोंदली गेली आहे का ते पाहा. शंका असेल तर कुळाच्या नावावर नोंद ठेवा. टॅकिनिडचे अभ्यासक कुळाच्या यादीतूनच नोंदी चाळतात. चुकीच्या जातीखाली गेलेला फोटो त्यांच्या नजरेला पडायला उशीर लागतो. जाणकाराने जीनसवर थांबवलं आणि पुढे जाता येणार नाही असं म्हटलं, तर वाद घालू नका. आयनॅचरलिस्टवर तशी नोंदही ‘यापुढे सुधारता येणार नाही’ अशी खूण करून रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी, होऊ शकते.

टिपणात एवढं असावं: गाव, तारीख, वेळ, कशावर बसली होती किंवा कशातून निघाली, लांबी, आणि ती काय करत होती. ‘सुंदर माशी’ असं लिहून कोणाचाच फायदा नाही.

अळीतून निघालेली माशी मेली तर फेकू नका. ती वाळवून टाचणीवर लावा, टाचणी वक्षाच्या मध्यातून न घालता थोडी उजवीकडून, म्हणजे निदान एका बाजूचे केस शाबूत राहतात. तिचा रिकामा प्युपेरियमही त्याच टाचणीवर खाली चिकटवा, आणि त्याखाली गाव, तारीख, यजमानाची चिठ्ठी. आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्राला किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोला असा नमुना पाठवण्याआधी ईमेलने विचारून घ्या. अभयारण्यातून काहीही गोळा करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. तिथे परवानगी नसेल तर फोटोवरच भागवायचं.